व्हीआर कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकते (ड्रिफ्ट): कोणी घरी दुरुस्त केली आहे का?

निवडुंग | शनिवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी,

प्रश्न तांत्रिक आहे, पण सुरुवात आईपासून करते, कारण तिच्यामुळेच हे लक्षात आलं.

आई 71 वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे पर्वती सुटली त्याला आता चार वर्षं झाली. भावाने परदेशातून येताना व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवला की आभासी जगात फिरवणारा) आणला होता. मुलं आठ दिवस खेळली आणि तो कपाटात गेला. मग एका पावसाळ्यात आईनेच तो बाहेर काढायला लावला. तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ती खुर्चीत बसून अर्धा तास जंगलातल्या पायवाटेवर फिरायला जाते. दोन हातांत दोन कंट्रोलर, प्रत्येकावर अंगठ्याने हलवायची छोटी दांडी, म्हणजे स्टिक. डावी दांडी पुढे केली की चालायचं, उजवी वळवली की वळायचं. एवढं ती शिकली आहे आणि तेवढं तिला पुरतं.

गेल्या सोमवारी तिने पाच मिनिटांत हेडसेट काढला आणि भिंतीला धरून पलंगापर्यंत गेली. "चक्कर परत सुरू झाली गं," म्हणाली. तिला पूर्वी व्हर्टिगोचा त्रास होऊन गेला आहे, त्यामुळे आम्ही सगळेच घाबरलो. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी मी म्हटलं, आधी मी घालून बघते. हात मांडीवर ठेवले, अंगठे स्टिकवरून काढून घेतले. समोर एक मोठं झाड होतं. ते सावकाश उजवीकडे सरकलं. त्यामागून एक खडक आला, तोही सरकला, मग ओढा. मी काहीही करत नव्हते आणि अख्खं जंगल माझ्याभोवती फिरत होतं. आईला हे दोन दिवस दिसत होतं आणि ती दोष स्वतःच्या कानाला देत होती.

म्हणजे उजव्या कंट्रोलरची स्टिक मधोमध उभी असतानाही हेडसेटला वाटतंय की कोणीतरी ती डावीकडे ढकलली आहे. सेल बदलले, हेडसेट बंद-चालू केला, कंट्रोलर काढून पुन्हा जोडला. फरक नाही. इथे वॉरंटी लागू नाही. एका दुरुस्तीच्या दुकानात विचारलं, तर "नवीन जोडीच घ्या, हे उघडत नाहीत" असं उत्तर मिळालं.

खरंच उघडत नाहीत का? कोणी केलंय का?

---

चौथा_मजला | शनिवार, रात्री 10:05

वाचतोय. माझ्या डाव्या स्टिकचं हेच झालंय, माणूस आपोआप मागे चालायला लागतो. आईंना नमस्कार सांगा.

---

दर्यावर्दी | शनिवार, रात्री 10:31

उघडण्याआधी एक खात्री करून घ्या. ड्रिफ्ट म्हणून दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात आणि लोक उगाच स्क्रू काढून बसतात.

एक म्हणजे ट्रॅकिंगची गडबड. त्यात आभासी हातच तरंगत लांब जातो, थरथरतो किंवा उडी मारतो. कारण बहुतेक वेळा खोलीत असतं: कमी उजेड, समोर मोठा आरसा, खिडकीतून थेट ऊन, दिवाळीतल्या दिव्यांच्या माळा. हेडसेटवरचे कॅमेरे कंट्रोलरमधले डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे शोधत असतात, आणि चमचमणाऱ्या माळेने त्यांची फसगत होते. काही हेडसेटच्या सेटिंगमध्ये विजेची वारंवारता निवडता येते. आपल्याकडे 50 हर्ट्झ आहे. हेडसेट अमेरिकेतून आला असेल तर तिथे 60 ठेवलेलं नाही ना, हे बघून घ्या.

दुसरी म्हणजे स्टिकची गडबड. त्यात हात जागच्या जागी असतो, पण जग सरकतं किंवा फिरतं. तुमच्या वर्णनावरून ही दुसरीच वाटते. तरी एकदा दोन्ही कंट्रोलर टेबलावर ठेवून, हात लांब घेऊन बघा. तरीही फिरलं तर शंका उरत नाही.

---

निवडुंग | शनिवार, रात्री 10:50

टेबलावर ठेवून बघितलं. फिरतंय. अगदी एका लयीत, डावीकडेच.

---

सोल्डर_आणि_सुई | रविवार, सकाळी 7:15

ताई, उघडतात. ज्याने "उघडत नाहीत" असं सांगितलं त्याला उघडायचं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

मी बावीस वर्षं रेडिओ, अँप्लिफायर आणि आता गेमचे कंट्रोलर दुरुस्त करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आत काय आहे हे कळलं की कुठला उपाय किती दिवस टिकेल ते आपलं आपल्याला ठरवता येतं.

स्टिकच्या खाली दोन पोटेन्शिओमीटर असतात. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण आठवा, आत तेच असायचं. एक डावी-उजवी बाजू मोजतो, दुसरा पुढे-मागे. प्रत्येकात कार्बनचा पातळ लेप दिलेली एक पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची बारीक ब्रशसारखी पट्टी घासत जाते. ब्रश पट्टीवर कुठे टेकला आहे त्यावरून व्होल्टेज ठरतं. बरोबर मधोमध असला की निम्मं व्होल्टेज, आणि कंट्रोलरच्या चिपच्या लेखी "स्टिक मध्यावर" म्हणजे हा निम्मा आकडा.

आता विचार करा, स्टिक दिवसभरात सर्वांत जास्त वेळ कुठे असते? मध्यावर. प्रत्येक हालचाल मध्यापासून सुरू होते आणि मध्यावर संपते. त्यामुळे लेप आधी झिजतो तो मधलाच. झिजला की तिथला रोध बदलतो, आणि निम्म्याऐवजी थोडा कमी किंवा थोडा जास्त आकडा येतो. झिजलेल्या कार्बनची काळी भुकटी तिथेच साचते आणि ब्रशखाली येते. जुना रेडिओ आवाज वाढवताना खरखर करायचा तो याच भुकटीने. व्हीआरमध्ये ती खरखर कानाला ऐकू येत नाही, डोळ्यांना दिसते.

हा दोष कुठल्या एका कंपनीचा नाही, या रचनेचाच आहे. 2021 मध्ये आयफिक्सिट या दुरुस्तीची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाने प्लेस्टेशन 5 या गेमयंत्राचा कंट्रोलर उघडून दाखवला होता. त्यातल्या आल्प्स कंपनीच्या स्टिकचं आयुष्य उत्पादकाने 20 लाख आवर्तनं दिलेलं आहे. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण वेगवान खेळात स्टिक मिनिटाला शंभरेक वेळा तरी हलते. निन्टेन्डोच्या 'स्विच' या गेमयंत्रावरून अमेरिकेत 2019 मध्ये खटला उभा राहिला आणि 2020 मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी भागधारकांसमोर दिलगिरी व्यक्त केली, तोही याच तक्रारीवरून.

तर आधी निदान. तुमच्याकडे लॅपटॉपला जोडून स्टीमव्हीआर (संगणकावरून व्हीआर चालवायचं सॉफ्टवेअर) चालत असेल तर त्याच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये कंट्रोलर तपासण्याची सोय आहे, तिथे स्टिकचा ठिपका दिसतो. स्टिक एकदा उजवीकडे पूर्ण नेऊन सोडा, मग डावीकडे, मग वर, मग खाली. दर वेळी ठिपका कुठे थांबतो ते कागदावर लिहा. चारही वेळा तो एकाच चुकीच्या जागी थांबला तर पट्टी मध्यावर झिजली आहे, किंवा मध्यबिंदूची नोंद हलली आहे. जिकडून सोडली त्या बाजूलाच थोडा थोडा थांबत असेल तर आतली स्प्रिंग सैल झाली आहे. ठिपका जागेवर न राहता थरथरत असेल तर बहुधा भुकटी किंवा धूळ. या तिसऱ्या प्रकारात साफसफाईने खरा फरक पडतो. पहिल्या दोन्हींत पडत नाही, किंवा चार दिवस पडतो.

तेवढं करून सांगा, मग पुढे बघू.

---

परसदार | रविवार, सकाळी 8:02

माझ्या मुलाने घरातला गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारला होता, एकदम मस्त चालायला लागली. पाच मिनिटांचं काम.

---

सोल्डर_आणि_सुई | रविवार, सकाळी 8:20

@परसदार, विरोधाला विरोध म्हणून म्हणत नाही, पण हे कृपया कोणी करू नका. त्या स्प्रेतलं तेल आतच राहतं. पहिले काही दिवस ब्रश गुळगुळीत फिरतो, नंतर धूळ आणि कार्बनची भुकटी त्या तेलात कालवली जाऊन काळा चिखल होतो. काही स्प्रेंनी प्लास्टिकही ठिसूळ होतं. माझ्याकडे असे कितीतरी कंट्रोलर आलेत.

वापरायचंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, 99 टक्के शुद्धतेचं. किंवा इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर, ज्याच्या डब्यावर "अवशेष राहत नाही" असं स्पष्ट लिहिलेलं असेल. औषधाच्या दुकानात जखमेसाठी मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, ते नको.

पद्धत सांगतो. सेल काढून ठेवा. स्टिकची टोपी एका बाजूला पूर्ण कलवा म्हणजे मुळाशी फट दिसते. तिथे दोन थेंब, जास्त नाही. मग स्टिक गोल गोल वीस-पंचवीस वेळा फिरवा. असं चारही बाजूंनी. नंतर कंट्रोलर उलटा धरून ठेवा, म्हणजे विरघळलेली घाण आत न मुरता बाहेरच्या बाजूला येईल. अर्धा तास पंख्याखाली. ओलं असताना सेल घालायचे नाहीत. आणि तोंडाने फुंकर अजिबात नको, थुंकीचा ओलावा जातो. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी रबरी फुगा मिळतो तो घ्या.

---

उंबरठा | रविवार, दुपारी 12:48

मी फिजिओथेरपिस्ट आहे, तोल जाण्याच्या तक्रारी घेऊन येणारे बरेच रुग्ण बघते. दुरुस्ती होईल तेव्हा होईल, पण तोवर आईंसाठी दोन गोष्टी लिहिते.

आपला तोल तीन ठिकाणांहून आलेल्या बातमीवर चालतो: डोळे, आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि पायांचे सांधे-स्नायू. ड्रिफ्ट झालेल्या स्टिकमुळे डोळे सांगतात "मी फिरते आहे", आणि बाकीचे दोघे सांगतात "मी खुर्चीत बसले आहे". हा विसंवाद मेंदूला सोसत नाही, मळमळ सुरू होते. आपण स्वतः स्टिक वळवतो तेव्हा निदान मेंदूला वळण येणार हे आधी माहीत असतं. आपोआप होणारं वळण त्याला न सांगता येतं, म्हणून ते अधिक बाधतं. आणि सावकाश वळणाऱ्या दृश्याचा दोष लक्षात यायला वेळ लागतो. माणूस यंत्राआधी स्वतःवरच संशय घेतो, तुमच्या आईंनी घेतला तसा.

घरच्या घरी फरक ओळखायचा तर हेडसेटमध्ये असतानाच डोळे घट्ट मिटून घ्यायचे. गरगरणं लगेच थांबलं तर दोष चित्राचा. डोळे मिटूनही फिरत राहिलं, किंवा हेडसेट काढल्यावर कूस बदलताना, मान वर करताना गरगरलं, तर डॉक्टरांकडे जा. आणि व्हर्टिगोची जुनी गोळी मनाने सुरू करू नका. आईंनी घेतली असेल तर त्यांच्या डॉक्टरांना तसं कळवा.

दुसरं, ॲपमध्ये वळण्याचा प्रकार बदलता येतो का बघा. संथ गोल वळण्याऐवजी ठरावीक 30 किंवा 45 अंशांच्या टप्प्याने वळायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. स्टिक बरीच ढकलल्याशिवाय टप्पा पडत नाही, त्यामुळे थोडासा ड्रिफ्ट असेल तर जाणवणारच नाही. शिवाय व्हर्टिगो झालेल्या माणसासाठी टप्प्याचं वळण एरवीही सोयीचं. फिरती खुर्ची वापरून स्वतः वळायचा सल्ला मात्र या वयात मी देणार नाही.

---

निवडुंग | रविवार, दुपारी 3:30

@उंबरठा, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. "न सांगता येतं" या वाक्यावर ती म्हणाली, अगदी असंच. मग डोळे मिटून बघितलं, लगेच थांबलं. तिच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की काय सांगू. गोळी दोनच घेतल्या होत्या, डॉक्टरांना फोन करून सांगितलं. टप्प्याचं वळण सापडलं, 30 अंशांवर ठेवलंय.

@सोल्डर_आणि_सुई, लॅपटॉपला जोडून तपासलं. चारही बाजूंनी सोडून बघितलं, ठिपका दर वेळी डावीकडे एकाच जागी थांबतो. थरथर नाही.

---

शून्य_एक | रविवार, सायंकाळी 6:10

सॉफ्टवेअरच्या बाजूने थोडं सांगतो. स्क्रू काढण्याआधी डेडझोन बघा. फुकट आहे आणि उलटवता येतो.

डेडझोन म्हणजे मध्याभोवती आखलेलं एक वर्तुळ. ठिपका त्या वर्तुळात असेतोवर यंत्राने "स्टिक मध्यावरच आहे" असं समजायचं. काही हेडसेटमध्ये कंट्रोलरच्या सेटिंगमध्येच स्टिकचा डेडझोन वाढवता येतो, स्टीमव्हीआरमध्ये प्रत्येक ॲपच्या बटणजोडणीत जाऊन बदलता येतो, आणि पुष्कळ गेममध्ये स्वतंत्र सोय असते.

किती ठेवायचा? स्टिकचं मूल्य मध्यावर 0 आणि टोकाला 1 धरू. ताईंचा ठिपका 0.1 वर थांबत असेल, आणि पूर्ण वळवल्यावर ॲप सेकंदाला 100 अंश फिरत असेल, तर हात न लावता सेकंदाला 10 अंश, म्हणजे 36 सेकंदांत एक पूर्ण गिरकी. ऐकायला हळू वाटतं, पण आईंच्या अर्ध्या तासात पन्नास गिरक्या झाल्या. डेडझोन ठिपक्याच्या जरासाच पुढे ठेवा, इथे 0.13 च्या आसपास. एकदम 0.3 करून मोकळे होऊ नका. जेवढं वर्तुळ मोठं तेवढी बारीक हालचाल हरवते: सावकाश चालायला गेलं की काहीच होत नाही आणि मग एकदम धाव. मूळ रोग वाढत जातो हेही खरं. आज 0.1 आहे, सहा महिन्यांनी 0.2 असेल. डेडझोनने आपण वेळ विकत घेतो.

आणखी एक. काही कंट्रोलर चालू होताना स्टिक जिथे असेल तीच जागा मध्य म्हणून नोंदवतात. ही युक्ती जुनी आहे, निन्टेन्डोच्या गेमक्यूब या गेमयंत्रामध्ये एक्स, वाय आणि स्टार्ट तीन सेकंद दाबून मध्य नव्याने नोंदवता यायचा. म्हणून कंट्रोलर चालू करताना अंगठा स्टिकवर ठेवू नका. नुसतं बंद करून, हात न लावता चालू केल्यावर ड्रिफ्ट गेल्याचे अनुभव आहेत ते यामुळेच.

---

दूरदेशी | सोमवार, पहाटे 4:22

अमेरिकेतल्या फ्रीमाँटहून. माझी जोडी वॉरंटीत होती म्हणून बदलून मिळाली, पण त्यांनी व्हिडिओ मागितला होता. ज्यांची वॉरंटी शिल्लक आहे त्यांनी टेबलावर ठेवलेला कंट्रोलर आणि त्याच वेळी सरकणारं दृश्य एकाच चित्रणात घ्या, वाद होत नाही. आणि वॉरंटी असेतोवर उघडू नका.

भारतात घेतलेल्या वस्तूला वॉरंटी असूनही टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. माझ्या भावाच्या फ्रिजचं प्रकरण तिथूनच सुटलं.

---

चौथा_मजला | सोमवार, सकाळी 9:11

डेडझोन 0.15 केला. माणूस उभा राहिला! धन्यवाद @शून्य_एक. वाचनखूण साठवली.

एक विचारतो, मॅग्नेटवाल्या स्टिक मिळतात म्हणे, ज्या कधीच झिजत नाहीत. त्या का नाही घालायच्या?

---

सोल्डर_आणि_सुई | सोमवार, रात्री 9:35

हॉल इफेक्टच्या स्टिक म्हणताय. चांगल्या आहेत, जरूर घालाव्यात, पण आधी चार गोष्टी बघून.

एडविन हॉलने 1879 मध्ये शोधलेला परिणाम: चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या, वीज वाहणाऱ्या पट्टीच्या दोन बाजूंमध्ये व्होल्टेज तयार होतं. स्टिकच्या बुडाला छोटं चुंबक, समोर सेन्सर. स्पर्श नाही, म्हणून घासणं नाही. गेमच्या जगातही हे नवीन नाही. सेगा कंपनीने सॅटर्न या गेमयंत्राच्या 1996 च्या कंट्रोलरमध्ये आणि पुढे ड्रीमकास्टमध्ये हेच वापरलं होतं. हल्ली टीएमआर नावाचा आणखी एक चुंबकीय प्रकार आला आहे, तो वीज कमी खातो. सेलवर चालणाऱ्या कंट्रोलरला ते महत्त्वाचं आहे.

पण सेन्सर झिजला नाही तरी स्प्रिंग झिजतेच, म्हणजे "कधीच नाही" हे खरं नाही. दुसरं, कंट्रोलरच्या चिपने जुन्या पोटेन्शिओमीटरचा मध्य आणि टोकं नोंदवून ठेवलेली असतात. नव्या स्टिकचा मध्य वेगळा असला की बसवल्या दिवसापासून ड्रिफ्ट! गेमच्या काही कंट्रोलरना मध्य नव्याने नोंदवायची सोय आहे, व्हीआरच्या कित्येकांना ग्राहकाच्या हातात ती दिलेलीच नाही. तिसरं, व्होल्टेज जुळलं पाहिजे. 3.3 व्होल्टसाठी केलेला सेन्सर 1.8 व्होल्टच्या बोर्डावर नीट चालत नाही.

चौथी गोष्ट खास व्हीआरची, आणि हीच लोक विसरतात. या कंट्रोलरना अंगठा स्टिकवर टेकलाय की नाही हे कळतं, म्हणून आभासी हाताचा अंगठा वर-खाली होतो. त्यासाठी टोपीपासून बोर्डापर्यंत विजेची एक वाट असते, कुठे बारीक स्प्रिंग, कुठे तार. दुसऱ्या कंट्रोलरची स्टिक आणून बसवली आणि ही वाट तुटली तर स्टिक चालते, पण अंगठा मेलेला राहतो. उघडताना ही स्प्रिंग उडून फरशीवर गेली तर सापडायची नाही. मी पांढऱ्या टॉवेलवर उघडतो.

@निवडुंग, तुमचा ठिपका एकाच जागी थांबतोय म्हणजे पट्टी झिजली आहे. साफसफाईत वेळ घालवू नका, मॉड्यूल (स्टिक आणि तिच्याखालचे भाग मिळून झालेला अख्खा संच) बदला. तुमच्या मॉडेलच्या नावाने सुटं मॉड्यूल शोधा. ते पट्टीसारख्या फ्लेक्स केबलने लॉकमध्ये अडकवलेलं असेल तर सोल्डरिंग लागतच नाही, लॉकची पापणी नखाने वर करायची आणि केबल सरळ ओढायची. गेमच्या मोठ्या कंट्रोलरसारखं बोर्डावर सोल्डर केलेलं असेल तर त्याला 14 पाय असतात: दोन पोटेन्शिओमीटरचे सहा, दाबायच्या बटणाचे चार, चौकटीचे चार. चौकटीचे पाय बोर्डाच्या तांब्याला जोडलेले असल्याने उष्णता पिऊन टाकतात. तिथे नवशिक्याने जोर केला की बोर्डावरची तांब्याची वाट उखडते. तसं असेल तर जाणकाराकडेच द्या. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. "व्हीआर" म्हणून विचारू नका, "गेमच्या रिमोटची अॅनालॉग बदलता का" असं विचारा.

---

दर्यावर्दी | मंगळवार, सकाळी 7:50

आम्ही रत्नागिरीकर, त्यामुळे एक अनुभवाची भर. पावसाळ्यात इथे हवेत मीठ आणि दमट, दोन्ही. कंट्रोलर घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवतो. स्टिक कशावर दाबली जाणार नाही असं ठेवायचं. बॅगेत कोंबून नेला आणि स्टिक आठवडाभर एका बाजूला वाकलेली राहिली तर स्प्रिंग बसते.

आणि धावण्यासाठी स्टिक खाली दाबून पुढे रेटायची सवय सोडा. दाबत दाबत ढकलल्याने आतला ब्रश पट्टीवर वाजवीपेक्षा जोरात घासतो. धावणं दुसऱ्या बटणावर देता येत असेल तर द्या.

---

परसदार | मंगळवार, दुपारी 1:15

@सोल्डर_आणि_सुई, तुमचं वाचून मुलाची स्टिक तपासली. स्प्रे मारून तीन महिने झाले, आता अडकत अडकत फिरते. अल्कोहोल मागवलंय. बरं झालं सांगितलंत.

---

निवडुंग | पुढच्या रविवारी, रात्री 8:55

मंडळी, झालं. शक्य तितकं नीट लिहिते, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

मॉड्यूल ऑनलाइन मागवलं, पाच दिवसांत आलं. हॉलवालं आमच्या मॉडेलसाठी खात्रीचं सापडलं नाही, म्हणून मूळ प्रकारचंच घेतलं. दोन-तीन वर्षांनी पुन्हा बदलावं लागेल, चालेल. काल तापकीर गल्लीत गेले. पहिल्या दोन दुकानांत नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी जिन्याखाली एक काका बसतात, समोर भिंगाचा दिवा. त्यांनी कंट्रोलर हातात घेऊन दोनदा उलटसुलट केला आणि विचारलं, "घाई आहे का?" मी नाही म्हटलं. "मग बसा."

सेलच्या खणात लेबलखाली एक स्क्रू लपलेला होता, तो काढल्याशिवाय कवच सुटेना. जोर न लावता त्यांनी प्लास्टिकची जुनी गिटार पिक फटीत घालून सावकाश फिरवली. आमचं फ्लेक्स केबलचंच निघालं. टोपीखालची बारीक स्प्रिंग मी आधीच सांगितली होती (@सोल्डर_आणि_सुई, तुमच्यामुळे), ती त्यांनी चिमट्याने उचलून चुंबकाच्या वाटीत ठेवली. नवीन मॉड्यूल, केबल, स्प्रिंग, कवच. चाळीस मिनिटं. मजुरी सांगायलाही लाजत होते.

मग जुनं मॉड्यूल त्यांनी माझ्यासमोर उघडून भिंगाखाली धरलं. काळ्या पट्टीच्या मधोमध एक राखाडी ओरखडा होता, तांदळाच्या कणीएवढा. बाकी पट्टी नव्यासारखी चकचकीत. ते मी कागदात गुंडाळून घरी आणलं.

घरी आल्यावर आधी डेडझोन पूर्ववत केला, मगच तपासलं. ठिपका चारही बाजूंनी सोडल्यावर मध्यावर येतो. टप्प्याचं वळण मात्र @उंबरठा यांच्या सांगण्यावरून तसंच ठेवलं आहे.

---

चौथा_मजला | रविवार, रात्री 9:20

फारच छान! जुनं मॉड्यूल फेकू नका, त्याचा फोटो इथे टाका. आणि आईंनी वापरून बघितलं का?

---

निवडुंग | रविवार, रात्री 10:02

फोटो उद्या उजेडात काढते.

आईला आधी पुडी उघडून तो ओरखडा दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून तिने बराच वेळ बघितला. "एवढ्याशामुळे?" म्हणाली. मग हेडसेट घालून पायवाटेने ओढ्यापर्यंत गेली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली. मी विचारलं, काय करतेस, चालत का नाहीस? म्हणाली, "थांब जरा. ओढा जागेवर राहतोय का ते बघतेय."